एका कागदाचे किती

कोल्हापूर,
रविवार, रात्री साडेदहा

चि. स्नेहल हिस अनेक आशीर्वाद,

सकाळी तू फोन ठेवलास तेव्हा मी बोलतच होतो. पलीकडे कोणी नाही हे अर्ध्या मिनिटाने कळलं. तुझी चूक नाही. एका कागदाचे किती मिळणार, हा एकच प्रश्न तीनदा विचारला की कोणीही ठेवेल. आई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. "पोरीला तिकडं काम लागलं, पेढे आणायचे सोडून मंडईत उभं राहिल्यासारखा भाव काय करताय," एवढं म्हणाली आणि मालिका मोठ्याने लावून बसली. संध्याकाळी गंगावेशीत दूध प्यायला गेलो, ते पण अर्धं सोडून आलो. म्हणून लिहायला बसलोय. पत्रात खोडता तरी येतं.

तर सकाळी म्हणायचं राहिलं ते आधी. शाब्बास. दोन वर्षं तिकडं जपानात ती भाषा शिकलीस, रात्री दुकानाच्या काउंटरला उभी राहिलीस, आणि आता कार्टून बनवणाऱ्या खऱ्या स्टुडिओत बसायला टेबल मिळालं. मी अख्ख्या पेठेत सांगितलंय. पानपट्टीवाल्या बापूची समजूत झालीय की तू सिनेमात काम करणार. मी काही दुरुस्त केलं नाही.

पैशाचा विषय या पत्रात काढायचा नाही असं ठरवून बसलोय.

तू म्हणालीस, नवी माणसं मधल्या चित्रांपासून सुरू करतात. मोठा चित्रकार हात वर गेलेला काढणार, मग खाली आलेला काढणार, आणि वरून खाली तो कसा कसा आला ती चित्रं नवशिक्याने काढायची. दोउगा. बरोबर लिहिलं का? मला हे ऐकता क्षणी कळलं. सिनेमाची बॅनरं रंगवताना आमच्या मास्तरांकडे असंच होतं. चेहरा मास्तर काढणार. चौकटी आखणं, मागचं आभाळ भरणं आणि अक्षरांना सावली देणं आमच्याकडे. चार वर्षं मी नुसत्या सावल्या दिल्या. अमिताभच्या नावाला दिल्या, दादा कोंडक्यांच्या नावाला दिल्या. तेव्हा मधल्या चित्रांना मी कमी लेखतोय असं मनात आणू नकोस. बाबूराव पेंटरांच्या गावात ब्रश धरायला शिकलेला माणूस आहे मी.

पण चौरस फुटावरचं काम काय असतं हेही मलाच ठाऊक आहे. शुक्रवारी सिनेमा बदलायचा म्हणून गुरुवारची रात्र जागायची. वीस फुटी बॅनर. सिनेमा पडला तर पुढच्या आठवड्याला नवं बॅनर, म्हणजे आम्हाला काम. पंचवीस आठवडे चालला तर थिएटरवाल्याची दिवाळी आणि आमच्या चुलीवर पाणी, कारण बॅनर बदलायचंच नाही. लोक आमचं चित्र बघून आत जायचे, आणि जितके जास्त जायचे तितके आम्ही रिकामे. हे सांगितलं की तू हसायचीस लहानपणी. मी हसण्यासाठी सांगत नव्हतो.

दादाने मोबाइलवर काही काही वाचून दाखवलं. २०२३ या एका वर्षात जपानी ॲनिमेची, म्हणजे तिकडच्या कार्टूनांची, जगभरची उलाढाल ३ लाख ३४ हजार कोटी येन, आणि त्यातले १ लाख ७२ हजार कोटी जपानच्या बाहेरून आलेले. म्हणजे निम्म्याहून जास्त पैसा तुझ्यासारख्या बाहेरच्या पोरांनी घातला. हे वाचून मला आनंद व्हायला पाहिजे होता. पण त्याच्याच खाली होतं की मधल्या चित्राला कागदामागे दोनशे येनच्या आसपास मिळतात. आपले सव्वाशे रुपयेसुद्धा नाहीत. तिथल्या ॲनिमेशनवाल्यांच्या संघटनेने २०१५ ला अहवाल काढला, त्यात मधली चित्रं काढणाऱ्याची वर्षाची कमाई ११ लाख येनच्या आसपास. भागून बघितलं मी. महिन्याला ९२ हजार येन. तुझ्या खोलीचं भाडं मला पाठ आहे.

मग पैसा जातो कुठं? दादा म्हणाला, प्रकाशक, टीव्हीवाले, खेळणीवाले, गाण्यांच्या कंपन्या मिळून समिती करतात, हक्क त्यांचे. स्टुडिओला ठरलेली रक्कम मिळते, मग ती मालिका ब्राझीलमध्ये चालो नाहीतर पॅरिसमध्ये. बहुतेक ठिकाणी असंच आहे म्हणे. आणि हे आजचं नाही. १९६३ ला तेझुका ओसामू या तिथल्या मोठ्या चित्रकाराने यंत्रमानव अॅटमची मालिका टीव्हीला दिली तीच खर्चापेक्षा कमी पैशात. तूट खेळण्यांतून आणि बाहेरच्या विक्रीतून भरून काढायची असा हिशोब. त्याच वर्षी ती अमेरिकेत लागलीसुद्धा. देव माणूस असेल, तुझ्या टेबलावर त्याचा फोटो आहे म्हणून जास्त बोलत नाही. पण पहिल्याच गिऱ्हाइकाला पडत्या भावात काम दिलं की पुढची साठ वर्षं तोच भाव बसतो, हे आपल्या लाइनीत शेंबडं पोरगंही सांगेल.

तू म्हणशील, आकडे जुने आहेत, आता तसं राहिलं नाही. असेल. तुला थोडा पगार ठरलेला आहे आणि वर कागदाचे, एवढं ऐकलं मी सकाळी. ठरलेला म्हणजे किती ते ऐकायच्या आधी फोन बंद झाला. बघ, आलो परत तिथंच. माफ कर.

दुसरं लिहितो. परवा कळंब्याच्या अंगणवाडीची भिंत नव्याने रंगवायला बोलावलं होतं. जुन्या भिंतीवर मीच काढलेला डोरेमॉन, पोटाची पिशवी उडालेली. बाईंना म्हटलं, हाच परत काढू का? म्हणाल्या, अहो पेंटर, त्याच्याशिवाय पोरं आत येत नाहीत. आतापर्यंत शंभर तरी डोरेमॉन काढले असतील मी या जिल्ह्यात. शिनचॅन थोडे कमी, त्याला शाळा बिचकतात. त्याच्या आधी दूरदर्शनवरचा मोगली. ज्या रविवारी दादाला आंघोळीला उठवायला लागत नसे तो रविवार. ते पण जपानमधलंच होतं, हे तू सांगेपर्यंत मला माहीत नव्हतं. म्हणजे जपान्यांचं काम तुझ्या आधी बापाने केलंय, चौरस फुटावर. आणि त्यातल्या कुणाचं नाव मला ठाऊक नव्हतं. माझं तरी त्या भिंतीवर कुठं आहे.

नारुतो मालिकेतल्या टोळीचा तो काळा झगा आठवतो? अकरावीला. लाल ढग काढून द्या म्हणालीस. मी विचारलं, कुठल्या पक्षाचा? आई अजून हे सगळ्यांना सांगते. मी आपला नेहमीचा एनॅमल मारला, दोन हात, आणि मुंबईच्या त्या कार्यक्रमात पोचेपर्यंत घडी पडली तिथं तिथं ढगांना भेगा. तू रडत फोन केलास. मग संध्याकाळी फोटो आला, तसलेच झगे घातलेली पंधरा-वीस पोरं, मधे तू, आणि कुणीतरी तुझ्या भेगा मार्करने भरलेल्या. त्या फोटोतली दोन माणसं अजून तुझ्या संपर्कात आहेत असं दिसतं. मला त्या वेळी ही सगळी रिकामटेकडी वाटली होती, हे कबूल करतो.

मग २०१९. तो पावसाचा जपानी सिनेमा, 'वेदरिंग विथ यू', इथं लागत नाही म्हणून तुम्ही पोरांनी सह्या गोळा केल्या. मी म्हटलं, सह्यांनी नळाला पाणी येत नाही, सिनेमा कुठला यायला? पन्नास हजारांवर गेल्या सह्या आणि ऑक्टोबरात सिनेमा आला. तू एसटीने पुण्याला जाऊन बघून आलीस. आयुष्य थिएटरच्या दारात गेलं माझं, पण बघणाऱ्यांनी मागवलेला सिनेमा मी पाहिला नव्हता.

त्याच वर्षीचं दुसरं लिहू की नको, कळत नाही. १८ जुलैला क्योटोच्या ॲनिमे स्टुडिओत एका माणसाने पेट्रोल ओतून आग लावली, ३६ जण गेले. तू दोन दिवस जेवली नाहीस. अमेरिकेतल्या एका कंपनीने वर्गणी काढली होती, त्यात घालायला पाचशे रुपये दे म्हणालीस आणि मी ओरडलो. मेलेल्यांतलं कोण आपल्या ओळखीचं होतं, असं विचारलं मी. "नावं येतात की शेवटी. मी वाचते सगळी," म्हणालीस आणि खोलीत गेलीस. त्या वर्गणीत वीस लाख डॉलरच्या वर जमले, जगभरच्या पोरांचे. तुझे नव्हते, माझ्यामुळे. तीन आठवड्यांत पंचगंगा आली, दुधाळीच्या दुकानात कमरेएवढं पाणी, ब्रश, डबे, मास्तरांचं ते बॅनर, सगळं गेलं. हायवे सुरू झाल्यावर पहिली खोकी आली ती तुझ्या त्याच ग्रुपच्या पोरांची. पुण्याचा एक, केरळची दोन. सतरंज्या, पाण्याच्या बाटल्या, आणि माझ्यासाठी ब्रशांचा एक सेट. मी त्यांच्यातल्या कुणाला ओळखत नव्हतो. त्या पाचशे रुपयांचं मी तुला कधी बोललो नाही, आज बोलतोय.

तो स्टुडिओ आपल्या माणसांना महिन्याचा पगार द्यायचा, कागदाचा हिशोब नाही, हे तूच सांगितलं होतंस. म्हणून ते जास्त लागतं मला.

तुझ्या खोलीतल्या फ्रान्सच्या मुलीला माझा नमस्कार सांग. १९७८ ला तिच्या आईने टीव्हीवर गोल्डोराक हे जपानी कार्टून बघितलं आणि मुलगी आता टोकियोत, हे वाचून वाटलं, आपण एकटेच नाही. तिच्या आजीने काय केलं असेल? दादाने शोधून सांगितलं की सेगोलेन रॉयाल नावाच्या बाई, पुढे राष्ट्राध्यक्षपदाला उभ्या राहिल्या त्या, त्यांनी १९८९ ला या जपानी कार्टूनांवर तक्रारीचं पुस्तकच लिहिलं. म्हणजे माझ्या पंथाची माणसं तिकडेही होती. आणि आता पॅरिसजवळ दर जुलैला दोन लाखांवर माणसं जमतात म्हणे, झगे घालून.

पण मनातून जात नाही तो तुझा मनिलाचा वर्गमित्र. व्होल्टेस फाइव्ह या जपानी मालिकेतले तीन भाऊ हरवलेल्या बापाला शोधत असतात, आणि शेवटचे थोडेच भाग राहिले असताना, १९७९ ला, फिलिपिन्सचे हुकूमशहा मार्कोस यांनी ती मालिकाच बंद केली. त्याच्या वडलांच्या पिढीला बापाचं पुढं काय झालं हेच वर्षानुवर्षं कळलं नाही. तू हे सहज सांगितलंस, भाजी चिरता चिरता. मी त्या रात्री बराच वेळ जागा होतो.

आता दोन गोष्टी सांगतो आणि थांबतो. मनगटाला रोज रात्री कोमट तेल. माझा अंगठा बघितला आहेस, चाळिशीत गेला तो, सावल्या देऊन देऊन. खुर्ची उंच घे. मुदत आली की तिथली माणसं टेबलाखालीच झोपतात असं वाचलं, तू झोपायची नाहीस, खोलीवर यायचं, कितीही वाजू देत. जेवणाऐवजी ते डब्यातलं गरम पाणी ओतायचं प्रकरण रोज चालणार नाही. कागद किती केले ते रोज वहीत लिहून ठेव, तारीख घालून, दुसऱ्याच्या हिशोबावर विसंबू नकोस. आणि घरी यावंसं वाटलं तर पुण्याच्या त्या कंपनीत परत विचारायला लाज कसली? आपली टोप गावची जागा पण आहे, काका काहीही म्हणोत. एवढं लिहिलं आणि वाचून बघितलं तर हे सकाळच्यापेक्षा वाईट झालंय. खोडणार होतो. राहू दे, आता कागद भरला.

सप्टेंबरात दादाने मला पुण्यात तो राक्षसांचा जपानी सिनेमा, 'डिमन स्लेयर', दाखवला होता, हिंदीत. गोष्ट निम्मी कळली नाही. पण तो महाल उलटा फिरतो ना, जिने आणि दारं एकात एक, तिथं माझा हात खुर्चीवर चौकटी मारायला लागला. संपल्यावर दादा उठला, मी बसून राहिलो. पोरं पण बसूनच होती. नावं वर सरकत होती, जपानी अक्षरं, एकही वाचता येईना. दादा म्हणाला, पप्पा काय शोधताय, स्नेहल यात नाही. माहीत होतं मला. तुझं नाव त्या अक्षरांत कसं दिसतं ते एका कागदावर मोठं काढून पाठव. मी बोर्डावर गिरवून ठेवतो, म्हणजे कुठंही आलं तर ओळखू येईल.

सोबत कांदा-लसूण चटणी दोन किलो, एक तिकडच्या पोरांना. बटाटेवडे पाठवता येत नाहीत याचं आईला वाईट वाटतंय. तिची साखर आता बरी आहे. सुशामावशीचं ठरलं, मार्चमध्ये. तू येऊ शकणार नाहीस हे मी तिला सांगितलंय, तू वेगळं कळवू नकोस.

रविवारी फोन कर. पहिली दहा मिनिटं आईशी बोल.

तुझे,
पप्पा

ता. क. कागदाचे किती ते आईला सांगून ठेव. मी विचारत नाहीये.