आई-बाबा, मेच्या आधी या

एडिसन, न्यू जर्सी
१८ मार्च

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही विचारलंत, "पहाटे पाणी गोठतंय आणि तू पेरतेस काय?" फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

इथे पानांवरचं दव गोठायचं साधारण एप्रिलअखेर थांबतं. तिथून मागे मोजायचं. मिरची-वांग्याचं बी ८ ते १० आठवडे आधी, टोमॅटोचं ६ ते ८, आणि सगळं घरात. मिरचीला ऊब नसेल तर ती डोकंच वर काढत नाही, म्हणून ट्रेखाली विजेवर तापणारी चटई आहे. वर दिवे, दिवसाचे १४-१६ तास, शेंड्यापासून जेमतेम चार बोटांवर. दिवा लांब गेला की रोपं उजेडाकडे ताणून किडकिडीत होतात. पाणी खालच्या ताटात ओतते. वरची माती सतत ओली राहिली की रोप बुंध्याशी कुजून आडवं होतं, आपल्या गादीवाफ्यावर कांद्याचं व्हायचं तसंच.

वाटाणा, पालक, मुळा मात्र थेट बाहेर. बर्फ वितळला म्हणून लगेच नाही, जास्तीचं पाणी निथळून मातीला पेरणीजोगा वाफसा यावा लागतो. मूठभर माती दाबते, बोटाने टोचते. भुसभुशीत फुटली तर पेरायचं, चिखलाचा गोळा तसाच राहिला तर थांबायचं. बाबा, हे तुमचंच. इथे पुष्कळ जण १७ मार्चला, सेंट पॅट्रिक डेला, वाटाणा टोकतात. आमच्या परसात वाफसा आज आला, आजच टोकला, इंचभर खोल.

आई, मेथी आणि कोथिंबीर एप्रिलमध्ये. त्यांना उपटून दुसरीकडे लावलेलं सोसत नाही, म्हणून जागेवरच. धणे तुझ्यासारखे रगडून दोन फाकी करूनच पेरते.

खरी जोखीम मे महिन्यात. घरातली नाजूक रोपं एकदम उन्हावाऱ्यात नेली तर करपतात. आधी तासभर सावलीत, मग रोज थोडं वाढवत, असे ७ ते १० दिवस आत-बाहेर करावं लागतं. ऑफिस सांभाळून मला ते जमणं कठीण, आणि ही रोपं तुमच्या हाताखाली काटक व्हावीत असं फार वाटतं. आईला वाकायला नको म्हणून वाफे कमरेइतके उंच बांधून घेतलेत.

एप्रिलअखेरची तिकिटं बघू ना? आईच्या गुडघ्याच्या डॉक्टरांना आधी विचारा, आणि दोघांच्या औषधांच्या चिठ्ठ्या सोबत ठेवा. रविवारी फोन करते.

तुमची लेक