रविवारच्या शटडाऊनआधी मोटरबद्दल सूचना

मंडळी, रविवारी कन्व्हेयरचं ग्रीसिंग आणि बेल्ट बदली आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो, स्टॉप बटण दाबलं म्हणजे मोटरची सप्लाय तुटली असं कोणी धरू नका. बटणाने फक्त कॉन्टॅक्टर (मोटरची सप्लाय जोडणारा-तोडणारा चुंबकी स्विच) पडतो, म्हणजे उघडतो, त्याच्या वरच्या बाजूची 415 व्होल्ट तिथेच उभी असते, आणि कॉन्टॅक्टरचे पॉइंट चिकटले असतील तर तेवढंही होत नाही. पॅनलचा आयसोलेटर (सप्लाय पूर्ण तोडणारा हाताचा स्विच) ऑफ करायचा, स्वतःचं कुलूप लावायचं, टॅगवर नाव, चावी आपल्याच खिशात. दोघं कामावर असाल तर कुलुपं पण दोन, "त्याने लावलंय ना, मग बास" चालणार नाही.

मग मोटरच्या टर्मिनल बॉक्सवर तिन्ही फेज आपसात आणि अर्थला मीटरने बघा. पण मीटर आधी चालू सप्लायवर तपासा आणि नंतर परत एकदा. मागे माझ्याच मीटरची लीड आतून तुटलेली, मीटर शून्य दाखवतोय आणि मी पाना लावायच्या बेतात, हेल्परने विचारलं म्हणून वाचलो.

व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) असेल तर ऑफ केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, ड्राइव्हवर लिहिलीत तेवढी मिनिटं थांबा, चहा घ्या. मोठ्या मोटरच्या स्पेस हीटरची (मोटर बंद असताना आत ओल धरू नये म्हणून बसवलेला हीटर) सप्लाय बहुतेक वेळा वेगळीकडून येते, तीपण काढा. आणि हो, चढावरचा बेल्ट मालासकट उलटा घसरतो, आधी रिकामा करा नि पुली अडवा.

काम झाल्यावर ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. "तोडू का" म्हणून मला फोन करू नका.