इशारा वस्तीपर्यंत पोचायला हवा

रविवारच्या पुरवणीतील ज्वालामुखींच्या पूर्वसूचनेवरचा लेख वाचला. उपकरणांचे कौतुक रास्तच. पण सारी भिस्त त्यांच्यावर ठेवणे पटले नाही. १९९१मध्ये फिलिपाईन्सच्या पिनातुबो ज्वालामुखीतून निघणारा सल्फर डायऑक्साइड वायू मे महिन्यात दोनच आठवड्यांत दिवसाला ५०० टनांवरून ५,००० टनांवर गेला. ही धोक्याची खूण ओळखून जूनमधील महास्फोटाआधी हजारो लोक हलवले गेले, म्हणून वाचले. उलट १९८५मध्ये कोलंबियातील नेवादो देल रुइझ ज्वालामुखीचा धोक्याचा नकाशा उद्रेकाच्या महिनाभर आधी तयार होता! तरी आर्मेरो गाव चिखलाच्या लोंढ्यात गाडले गेले; एकूण सुमारे २३,००० माणसे दगावली. आपल्याकडेही खडकवासला धरणातून विसर्ग वाढल्याचा निरोप कधी कधी सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाणी शिरल्यावरच मिळतो, हे मुठेकाठच्यांना वेगळे सांगायला नको. निरोप घरोघरी नेण्याची व्यवस्था पिनातुबोला कशी जमली, यावरही लेखकाने लिहावे.

– एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे