आई-बाबांना, राजापूरहून

आई, बाबा,

फोनवर सांगायला गेले की बाबांचा आवाज चढतो, मग आई तू फोन घेतेस नि विषय जेवणावर जातो, म्हणून लिहितेय. कर्ज मंजूर झालं. मी सह्या केल्यात.

आधी एक वाचा, सातबाऱ्यावर बोजा नाहीये. आबांच्या वेळचं मी विसरेन होय? कोकम-आंब्याचं मशीन 8 लाखांचं, ते पीएमएफएमई मधून घेतेय, ती केंद्राची छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना. माझे 80 हजार, पीएफचे, बाकी बँकेचं, आणि छोट्या उद्योगाच्या एवढ्या कर्जाला बँकेने तारण घ्यायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. 35 टक्के अनुदान म्हणजे 2 लाख 80 हजार, फक्त ते हातात पडत नाही, बँकेतच राहतं आणि हप्ते नीट गेले तर तीन वर्षांनी कर्जातून वजा होतं. मला तर हेच बरं वाटलं, नाहीतर माझा हात तुम्हाला माहितीये.

पीककर्ज बाबांनी बक्षीसपत्राने दिलेल्या तुकड्यावर, केसीसीवर (किसान क्रेडिट कार्ड), 2 लाखांच्या आतच, तिथेही तारण नाही. व्याज 7 टक्के, वेळेत फेडलं की 4. पॉवर टिलर अजून घेतला नाहीये हां, सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अनुदानाचा अर्ज टाकलाय, पूर्वसंमती यायच्या आधी घेतला तर अनुदान बुडतं, तोवर शेजाऱ्यांचा भाड्याने. आणि बाबा, वरची जागा विकत नाही घेत आत्ता. जमिनीच्या कर्जाचा हप्ता पहिलं पीक यायच्या आधीच सुरू झाला तर काय करणार, त्यापेक्षा कसायला घेऊ म्हटलं, पण काका कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क लागेल, म्हणून घाबरतो, त्याला लेखी करार करून देणारे.

मे मध्ये या ना. कमोड बसवलाय, बाबांचे गुडघे दुखणार नाहीत, गीझर आहे, लाइट गेली तर इन्व्हर्टर. आई, तुझ्यासारखी पेज मला अजून जमत नाही, ताप आला की अजूनही तूच हवी असतेस.

बाबा, बीपीची गोळी रोज सकाळी, "आज बरं वाटतंय" हे कारण चालणार नाही. आणि माझ्यासाठी एफडी मोडायची नाही, गुपचूप तर अजिबात नाही. बँकेत तुमच्या ओळखीचे लोक आहेत, मला कळेल.

तुमची,
छकुली