जुन्या मंगल कार्यालयांत आधी दारं, मग टाकी : ग्रामविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. ग्रामविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : विदर्भाच्या ग्रामीण भागातील जुनी मंगल कार्यालयं, सभागृहं व लॉन यांची अग्निसुरक्षा

सन्माननीय मंत्रिमहोदय,

विदर्भातल्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत लग्नकार्यासाठी वापरली जाणारी कितीतरी सभागृहं 2006 चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम येण्याआधीची आहेत. हा कायदा इमारतीच्या मालकावर आणि भोगवटादारावर जबाबदारी टाकतो आणि दर जानेवारी व जुलैमध्ये अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं 'नमुना ब' प्रमाणपत्र मागतो. अडचण अशी, की जुन्या सभागृहाच्या मालकापुढे नव्या इमारतीची अख्खी यादी ठेवली जाते : भूमिगत टाकी, पंपघर, हायड्रंट (आग विझवायच्या पाण्याचा नळ), स्प्रिंकलर (छतातून पाणी फवारणारी यंत्रणा). ती त्याला झेपत नाही. मग जे काम गावातला सुतार आणि वायरमन आठवड्यात करून देऊ शकतो, तेही राहून जातं. म्हणून आमची मागणी एकच आहे : जुन्या वास्तूंसाठी कामांचा क्रम ठरवून द्या आणि त्यात माणसं बाहेर पडण्याची वाट सगळ्यात वर ठेवा.

60 बाय 40 फुटांचा हॉल घ्या. क्षेत्रफळ सुमारे 223 चौरस मीटर. राष्ट्रीय इमारत संहिता 2016 मोकळ्या खुर्च्यांच्या सभागृहात माणशी 0.65 चौरस मीटर धरते, म्हणजे साधारण 340 माणसं. सपाट जमिनीवरच्या दाराला माणशी 6.5 मिलिमीटर रुंदी लागते. हिशेब केला तर 2.2 मीटर, म्हणजे सुमारे सव्वासात फूट मोकळी वाट हवी. शिवाय सभागृहाचं दार किमान 2 मीटर रुंद असावं, असं संहिता सांगते. आपल्याकडच्या जुन्या हॉलला पुढे एक चार फुटी दार असतं. त्याची एक फळी वर-खाली कड्या घालून बंद, म्हणजे उरले दोन फूट. मागचं दार स्वयंपाकघरातून जातं आणि त्याच्यासमोर खुर्च्यांची थप्पी किंवा केटररचा टेम्पो. मंगलाष्टकं सुरू असताना, गर्दी सगळ्यात दाट असते तेव्हा, ही स्थिती असते.

दार आत उघडणारं असेल तर मागून रेटा आल्यावर ते उघडतच नाही. पुढचा माणूस फळीवर चेंगरतो. बिजागऱ्या काढून ते बाहेर उघडणारं करणं हे एका दिवसाचं सुतारकाम आहे. सरकतं शटर किंवा जाळीचं गेट बाहेर पडायची वाट म्हणून धरूच नये. समोरासमोरच्या किंवा लांबच्या दोन भिंतींत दोन-दोन मीटरची दोन दारं असावीत आणि त्यांतलं एकही स्वयंपाकघरातून जाऊ नये. कार्यक्रम चालू असताना कुलूप नाही, कडी नाही. दारावर 'बाहेर' असा बॅटरीवर चालणारा दिवा लावावा, कारण आगीत वीज आधी जाते आणि धूर छताकडून खाली उतरतो. भिंत फोडून दुसरं दार काढायचं तर वर लिंटेल (दारावरची आडवी तुळई) घालावं लागतं, एवढाच काय तो मोठा खर्च.

वीज हा सगळ्यात गुंतागुंतीचा भाग आहे, आणि बहुतेक चुका इथेच होतात. लाकडी पट्टीतलं जुनं वायरिंग पंखे-ट्यूबलाइटसाठी टाकलेलं असतं. त्यावर मोठे कूलर, हॅलोजन, डीजे, एलईडी भिंत चढते. 5 किलोवॅटचा भार सिंगल फेजवर सुमारे 22 अँपिअर ओढतो. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरला तो पेलत नाही. फ्यूज वारंवार उडतो, म्हणून त्यात तांब्याच्या जाड तारेचे पदर घातले जातात. मग फ्यूजऐवजी वायर तापते. एमसीबी (प्रवाह जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) बसवला तरी पिळून टेप लावलेल्या सांध्याचा धोका तसाच राहतो, कारण सैल सांध्यात प्रवाह वाढत नाही, फक्त उष्णता वाढते. एमसीबीला ती कळत नाही. जनरेटरच्या चेंजओव्हरजवळ (मीटरवरून जनरेटरवर वीज बदलणाऱ्या स्विचजवळ) न्यूट्रल सुटला, तर 230 व्होल्टच्या उपकरणांवर 400 च्या आसपास दाब येऊ शकतो आणि ती जळतात.

यावर उपाय असा : सजावट आणि डीजेसाठी मीटरपासून स्वतंत्र वायर, स्वतंत्र बोर्ड, त्यावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच), सांध्यांना कनेक्टर आणि योग्य अर्थिंग. मंजूर भार किती आणि कार्यक्रमाचा भार किती, हे बोर्डाशेजारी लिहून लावावं. मांडववाल्याने खांबावरून आकडा टाकू नये, हे बुकिंगच्या पावतीवरच छापावं.

कापडी छताचा धोका लोकांच्या लक्षात येत नाही. पॉलिएस्टर आणि नेटच्या झालरी जळतात तेव्हा वितळलेले थेंब खाली माणसांवर पडतात आणि आग वरच्या वर पसरते. हरियाणातल्या डबवालीत 23 डिसेंबर 1995 रोजी शाळेच्या कार्यक्रमात कृत्रिम धाग्याचा मंडप पेटला आणि चारशेहून अधिक माणसं गेली. त्यांत बहुतेक मुलं आणि बाया होत्या. मांडवासाठी आयएस 8758 हे भारतीय मानक आहे. त्यातल्या आगरोधक द्रावणाचं प्रमाण वजनाने असं आहे : अमोनियम सल्फेट 4 भाग, अमोनियम कार्बोनेट 2, बोरॅक्स 1, बोरिक अ‍ॅसिड 1, तुरटी 2 आणि पाणी 35. हे सुती कापडात मुरतं, पॉलिएस्टरमध्ये नाही. धुतलं किंवा पावसात भिजलं की क्षार निघून जातात, म्हणून दर धुण्यानंतर पुन्हा बुडवावं लागतं. तपासायचं असेल तर कापडाची एक पट्टी मोकळ्या जागी पेटवून बघा; ज्योत बाजूला नेल्यावर ती विझली पाहिजे. टिनाखाली उन्हापासून बचावासाठी लावलेला थर्माकोल किंवा फोमही काढायला लावा, त्याचा काळा धूर काही मिनिटांत हॉल भरून टाकतो.

स्वयंपाक हॉलच्या भिंतीला लागून नकोच. 19 किलोचे सिलिंडर उघड्यावर, उभे, खड्डा किंवा गटारापासून दूर ठेवावेत. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने खोलगट जागी साचतो. कढईतल्या तेलाला आग लागली तर पाणी कधीच नको, झाकण घालून गॅस बंद करायचा.

विझवण्याच्या साधनांत 6 किलोचं एबीसी पावडरचं (लाकूड-कापड, तेल आणि गॅस अशा आगींवर चालणारं) सिलिंडर कुठूनही 15 मीटरच्या आत हवं, आणि वीज-बोर्डाजवळ सीओ2, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचं. ती स्टेजमागे किंवा मॅनेजरच्या कुलूपबंद खोलीत सापडतात, म्हणून जागा तपासणीत नोंदवावी. पाण्याचं नियोजन करताना एक गोष्ट विसरली जाते : आग लागली की आपण मेन स्विच बंद करतो, आणि बोअरचा पंप त्याच स्विचवर असतो. तेव्हा उंचावरची टाकी राखीव ठेवावी किंवा डिझेल पंप असावा. नगर परिषदेची गाडी लांबून येणार. तिला आत शिरायला रुंद गेट लागतं. सजावटीची कमान तिथेच उभी राहते.

आता आपल्याकडून काय हवं ते. ग्रामपंचायतीने प्रत्येक सभागृहाच्या दारावर कमाल माणसांची संख्या लिहिणं बंधनकारक करा. शासकीय निधीतून बांधलेली सभागृहं आणि समाजमंदिरं पहिल्या वर्षी तपासा, खाजगी मालकांना नोटिसा त्यानंतर. 9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या रुग्णालयात दहा नवजात बाळं गेल्यावर रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले होते. तसाच आदेश इथे अपघाताची वाट न पाहता काढता येईल. जुलैमध्ये रिकाम्या हॉलची तपासणी करून उपयोग नाही. एक तपासणी एप्रिल-मेमध्ये, कार्यक्रमाच्या दिवशी, सजावट लागलेली आणि भार चालू असताना व्हावी. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय नागपुरातच आहे. नगरविकास विभागाशी बोलून या महाविद्यालयाच्या मदतीने प्रत्येक सभागृहातल्या एका माणसाचं लहान प्रशिक्षण घडवून आणा. मेन स्विच कुठे, दारं कोण उघडणार, गाडीला फोन कोण करणार, एवढं तरी त्याला पाठ हवं. दारं आणि वायरिंगची कामं पावसाळ्यात, सभागृहं रिकामी असताना होतात. त्यामुळे आदेश जूनपूर्वी निघावा, ही विनंती.

आपले,
विदर्भाच्या ग्रामीण भागात विद्युत व अग्निसुरक्षेची कामं करणारे