सुध्या, ‘ऱ्या’ पाठव

कराड,
रविवार रात्र

प्रिय सुध्या,

हे फोनवर सांगण्यासारखं नाही. फोनवर तू ‘हं, हं’ करत मशीनकडे बघत असतोस. म्हणून पत्र लिहितोय. नानांनी परवा हातात पेन्सिल घेतली आणि अक्षरं काढली. कुणी आग्रह केला नव्हता. आता नीट बस आणि सगळं वाच, कारण हे कळायला आधी मारिओ कळायला हवा.

आईचा गुडघा आहे तसाच, माझी शुगर आटोक्यात. प्रकृतीचं झालं.

तर, मी जुने व्हिडिओ गेम आतून उघडून बदलायला शिकतोय. आपलेच, कॅसेटवाले. ती ‘९९९९ इन १’ आठवते ना, जिच्यात फुंकर कुणी मारायची यावरून तुझी नि बंड्याची जुंपायची? असल्या कॅसेटींत खरे खेळ मूठभरच असायचे. तोच मारिओ मधल्याच लेव्हलपासून सुरू केला की यादीत नवा नंबर, नवं नाव. आणि आपल्या कॅसेटीत पहिल्या पडद्यावरची ‘१९८५ निन्टेन्डो’ ही ओळच पुसलेली होती. म्हणजे कुणीतरी आत शिरून ती खोडली होती. आपण लहानपणभर बदललेलाच खेळ खेळलो, आणि आज मी जे शिकतोय ते काम कुणीतरी तेव्हाच करून ठेवलं होतं. हे कळल्यावर मला पहिला फोन तुलाच करावासा वाटला. रात्रीचा एक वाजला होता, म्हणून सोडलं.

मारिओ सगळा मिळून ४०,९७६ बाइटचा. तू लग्नाचा बॅनर छापतोस, त्याची फाइल याच्या हजारपट तरी असेल. पहिले १६ बाइट फाइलची ओळख, पुढचे ३२,७६८ प्रोग्रॅम, शेवटचे ८,१९२ चित्रं. त्या आठ हजारांत मारिओ, कासवं, विटा, नळ, किल्ला, आकडे, अक्षरं, सगळं कोंबलेलं. जागा वाचवायला ढग आणि झुडूप ही एकच आकृती ठेवलीय, ढगाला पांढरा रंग, झुडपाला हिरवा. इतकी वर्षं उड्या मारत होतो त्यांच्याखालून, एकदाही लक्षात आलं नाही!

पहिला बदल मी केला तो जिवांचा. हेक्स एडिटर नावाच्या खिडकीत फाइल उघडली की नुसते दोन-दोन अंकांचे रकाने दिसतात, सोळाच्या मोजणीत, नवानंतर ए, बी, सी, डी, ई, एफ. त्यात ‘ए९ ०२ ८डी ५ए ०७’ अशी ओळ शोधायची. अर्थ असा, की दोन घे आणि ०७५ए या पत्त्यावर ठेव (पत्ता उलटा लिहितात, शेपूट आधी). खेळ सुरू होताना तीन जीव मिळतात, ते या दोनामुळे, हातातला एक धरून. दोनाचे आठ केले, सेव्ह केलं, चालू केलं. नऊ जीव! आपण पार्लरमध्ये तासाला पाच रुपये मोजून ज्या तीन जिवांवर जगलो, ते एका बाइटवर होते.

मग अक्षरांकडे वळलो, आणि तिथेच अडकून बसलोय.

खेळाला अक्षर कळतच नाही, त्याला फक्त चौकोनाचा नंबर कळतो. शून्य ते नऊ आकडे, दहावा चौकोन इंग्रजी ‘ए’, अकरावा ‘बी’, पस्तिसावा ‘झेड’. छत्तिसावा कोरा, म्हणजे मोकळी जागा. मारिओचं नाव आत ‘१६ ०ए १बी १२ १८’ असं, त्याच सोळाच्या मोजणीत, लिहिलेलं आहे. एकेक चौकोन आठ ठिपके रुंद, आठ ठिपके उंच, आणि त्याचे १६ बाइट. आठ बाइटचा एक थर, आठचा दुसरा. तुम्ही दोन स्टेन्सिल एकमेकांवर ठेवून दोन रंग मारायचा ना, तसंच: फक्त पहिल्यातून रंग आला तर एक, फक्त दुसऱ्यातून आला तर दुसरा, दोन्हींतून आला तर तिसरा, कशातूनच नाही आला तर मागचा रंग तसाच.

इथे थांबून एक जुनं देणं फेडतो. तू शपथेवर सांगत होतास की तुला नुसतं ‘-१’ लिहिलेलं जग लागलं होतं, सगळं पाण्यातलं आणि कधी न संपणारं. बंड्याने तुला गल्लीभर थापाड्या केलं आणि पैज जिंकल्याचं सांगून तुझ्याच पैशाने भजी खाल्ली. सुध्या, तू खरं बोलत होतास. १-२च्या, म्हणजे पहिल्या जगातल्या दुसऱ्या लेव्हलच्या, शेवटी भिंतीतून आरपार घुसून पलीकडच्या डाव्या नळात शिरलं, की खेळ चुकीच्या यादीतून जगाचा नंबर उचलतो. त्या यादीत मधे ५ आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कोरा चौकोन, नंबर छत्तीस. खेळ म्हणतो, बरं, छत्तिसावं जग. ते नाव पडद्यावर लिहायला जातो तर छत्तिसावा चौकोन कोरा, म्हणून उरतं नुसतं ‘-१’. बंड्याकडून भजी वसूल कर. व्याजासकट.

आता मूळ काळजी.

मला मारिओ मराठीत करायचाय. सगळाच्या सगळा. मजकूर आहे किती? वरच्या पट्टीतले शब्द, ‘गेम ओव्हर’ वगैरे, आणि किल्ल्यातल्या त्या छत्रीवाल्या पोराचा निरोप, की राजकन्या दुसऱ्या किल्ल्यात आहे. ऐकायला दोन संध्याकाळचं काम वाटतं. पण पहिल्याच शब्दाला गाडी थांबली. ‘टाइम’च्या जागी ‘वेळ’ हवं. ‘एम’च्या चौकोनात ‘व’ काढला, तर डावीकडच्या मारिओच्या नावाचं पहिलं अक्षरही ‘व’ झालं, कारण चौकोन एकच, वापर सगळीकडे. मग जी अक्षरं त्या खेळात कुठे येतच नाहीत, जे, एक्स वगैरे, त्यांच्या चौकोनांत मराठी भरली. शिरोरेषा मात्र इतकी सुरेख जुळते! इंग्रजी अक्षरं चौकोनात कडेला एक ठिपका मोकळा सोडून बसतात. आपण रेघ काठापासून काठापर्यंत ओढली, की शेजारचे दोन चौकोन आपोआप एका रेघेखाली येतात.

पण मात्रा कुठे द्यायची? आठातून मात्रेला दोन ओळी, शिरोरेषेला एक, उरल्या पाच. पाच ठिपक्यांत ‘ळ’ची दोन पोटं मोकळी राहत नाहीत, बुजतात. जपान्यांपुढे हाच प्रश्न होता. त्यांच्या काही अक्षरांना वर दोन बारीक रेघा लागतात, आणि ड्रॅगन क्वेस्टसारख्या कितीतरी खेळांत त्या रेघा वरच्या ओळीत वेगळा चौकोन करून बसवल्या आहेत. मीही तेच केलं. पट्टीतला ‘वर्ल्ड टाइम’ हा मजकूर १४ बाइटचा आहे: दोन बाइट जागेचे, एक लांबीचा, अक्षरं आणि मधल्या मोकळ्या जागा मिळून अकरा. त्याचे मी तीन तुकडे केले, प्रत्येकाला जागेचे दोन नि लांबीचा एक हवाच. ‘जग’चे पाच, ‘वळ’चे पाच, आणि ‘व’च्या डोक्यावरच्या एकट्या मात्रेचे चार. पाच, पाच आणि चार, चौदा! एकही बाइट इकडचा तिकडे नाही. आणि तसाच हिशेब जुळायला हवा, कारण मधे एक बाइट जरी जास्त घुसवला तरी पुढचे सगळे पत्ते सरकतात आणि खेळ उठतच नाही. मारिओत मोकळी जागा नाहीच म्हण.

हे ‘वेळ’ मी टीव्हीला जोडून नानांना दाखवायला नेलं. तुला माहीतच आहे, आपण खेळायचो तेव्हा ते मागे खुर्चीत बसून विचारायचे, ‘ते वर काय लिहिलंय रे?’ इंग्रजी पाट्या त्यांनी गावभर रंगवल्या, पण चित्र काढतात तशा, वाचता येत नसताना. परवा त्यांनी विचारलंच नाही. वाचलं. मग बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘ळ कुणी काढला? पोट दाबलंय त्याचं.’

मी आलेखाचा कागद पुढे केला, आठ बाय आठची घरं आखलेली. ‘शिरोरेषेला एक गेली, सात राहिली,’ एवढंच बोलले. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर प्रथमच पेन्सिल हातात. हात कापतो रे, पण घर भरायला कापरा हात चालतो, घर भरलं की भरलं. ‘ळ’ त्यांनी असा बसवला की मी दिवसभर खटपट करून बसला नसता: डावं पोट तीन घरांचं, उजवं तीन घरांचं, मधली भिंत सामाईक. ‘द’ची शेपटी आखडून त्याच चौकोनात उकार बसवला, ‘दु’ झाला. ‘घ’ आणि ‘ध’ एकसारखे दिसत होते, तर ‘ध’च्या माथ्याची रेघ दोन घरं तोडली. झालं वेगळं! मी बघत होतो आणि मला तो दुकानाचा फळा, खडूचा दोरा, टर्पेंटाइनचा वास, सगळं आठवत होतं.

निरोपातली राजकन्येची ओळ, ‘पण आमची राजकन्या’. मूळ इंग्रजी ओळ २२ चौकोनांची, आपली मोकळ्या जागा धरून ११. जागाच जागा! ‘न्या’ला दोन चौकोन दिले, मराठी टाइपरायटरवर करायचे तसं, अर्धा ‘न’ मागच्या ‘क’ला खेटून आणि पुढे ‘या’. जमलं. मग आला ‘दुसऱ्या’.

‘ऱ्या’ बसत नाही, सुध्या. तो डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा ‘र’ आठ ठिपक्यांत एकतर ‘य’ला चिकटून डाग होतो, नाहीतर नुसती आडवी रेघ उरते. साधा रफार देऊन ‘दुसर्या’ केलं तर कुणी म्हणेल, चालतंय. मला नाही चालत. हिंदीत हा ‘ऱ्या’ नाही, इंग्रजीत तर प्रश्नच नाही. तो आपला आहे, आणि आपणच टाकला तर त्या चौकोनात त्याला कोण बसवणार? रात्री अंथरुणावर पडलो तरी डोळ्यांपुढे तीच चौसष्ट घरं. मी म्हटलं, शब्दच बदलू, ‘भलत्याच गडावर’ करू, ऐकायलाही झकास. तर नाना उखडले. ‘अक्षर जमत नाही म्हणून गिऱ्हाइकाच्या दुकानाचं नाव बदलतोस काय?’

आणि मग जे बोलले त्यासाठी हे पत्र. पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाले, ‘हे सुध्याला विचार. जोडाक्षरात त्याचा हात माझ्यापेक्षा बरा होता.’

हे ते तुझ्या तोंडावर कधी बोलणार नाहीत. तू फ्लेक्सचं मशीन घेतलंस त्यानंतर घरात काय झालं ते मी बघितलंय, आणि तेव्हा मी त्यांच्या बाजूने तुझ्याशी भांडलो. ते भांडण मी आजही मागे घेत नाही. संगणकातून निघालेली ती ताणून लांब केलेली अक्षरं मला आजही बघवत नाहीत, तुझ्या दुकानातली असली तरी. पण हात तुझाच होता, हे मीही तेव्हापासून म्हणतोय, आणि आता ते नानांनी म्हटलंय.

तर काम असं. मला तीन अक्षरं हवीत: ‘ऱ्या’, ‘ल्ल्या’ आणि ‘श्र’. ‘ऱ्या’ला दोन चौकोन घे, म्हणजे सोळा घरं रुंद, आठ उंच. ‘ल्ल्या’ला तीन घे, किल्ल्याच्या ओळीत १५ आहेत आणि आपल्याला तेवढे लागत नाहीत. शिरोरेषा सर्वांत वरच्या घरात, काठापासून काठापर्यंत. सगळा एकच रंग, छटा नकोत. मशीनवर करू नकोस, मला आणि नानांना ते लगेच कळेल. आलेखाच्या कागदावर पेन्सिलने कर आणि तो कागदच पोस्टाने पाठव. फोटो नको, नानांना मोबाइलवर दिसत नाही.

पुरं झालं की तुला मूळ खेळ पाठवणार नाही, त्याचे हक्क निन्टेन्डोचे. नुसत्या बदलांची छोटी फाइल पाठवीन, तिला पॅच म्हणतात. कुठल्या पत्त्यावर कुठले बाइट बदलायचे एवढंच तिच्यात असतं.

ऋचाचा निकाल काय लागला? वहिनींचा बदलीचा अर्ज मंजूर झाला का? बडोद्यात पाऊस झाला म्हणे, गोदामात पाणी शिरलं नाही ना? गणपतीला ये, दोन दिवस तरी. बंड्याही येतोय, भजीचं तेव्हाच बघू.

कागदावर पत्ता माझा घालू नकोस. नानांचा घाल.

तुझा,
बाळ्या