स्पर्धा हवीच, पण तोटा सोसून समोरच्याला संपवणारी नको

प्रति,
मा. केंद्रीय कॉर्पोरेट व्यवहार मंत्री,
नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

कोथरूडमध्ये आमचे किराणा दुकान आहे. स्पर्धा बंद करा, असे माझे म्हणणे अजिबात नाही. परवाना राजात इथे आकुर्डीला तयार होणाऱ्या स्कूटरसाठी पुणेकरांनाच नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. ते दिवस कोणालाच परत नकोत. आमच्या रस्त्यावर दुसरे दुकान आले, तेव्हा आम्ही गहू निवडून द्यायला लागलो, घरपोच माल सुरू केला. गिऱ्हाइकांची सोय झाली आणि आमचाही धंदा सुधारला.

आता घरपोच किराणा विकणाऱ्या मोठ्या ॲप कंपन्यांचे चाललेय ते वेगळेच. परवा नेहमीच्या एका काकूंनी फोन पुढे केला. पाच लिटर तेलाचा कॅन ॲपवर ज्या भावात होता, त्या भावात तो मला डिस्ट्रिब्युटरकडूनही मिळत नाही. मी खरेदीचे बिल दाखवले. "खरंय रे, पण महिन्याचं गणित मलाही जुळवायचंय," काकू म्हणाल्या. त्यांचे काय चुकले?

पण पुढे काय होते, ते मोबाइलच्या बाबतीत आपण पाहिले आहे. 2016 नंतर डेटा स्वस्त झाला, गरिबाच्या हातात इंटरनेट आले, ही मोठीच गोष्ट. पण 2018 मध्ये एअरसेल ही मोबाइल कंपनी दिवाळखोरीत गेली, व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. जुलै 2024 मध्ये उरलेल्या तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी जवळपास एकाच वेळी दर वाढवले.

स्पर्धा कायदा, 2002 च्या कलम 4 नुसार प्रतिस्पर्ध्याला हटवण्यासाठी खर्चापेक्षा कमी भावात विकणे हा वर्चस्वाचा गैरवापर आहे. मात्र त्या कंपनीचे बाजारात आधीच वर्चस्व असेल तरच! वर्चस्व मिळवण्यासाठी केलेली तोट्यातली विक्री त्यातून निसटते. वर्चस्व सिद्ध होईपर्यंत गल्लीतल्या दुकानांची शटर्स कायमची खाली आलेली असतात.

तेव्हा ही पळवाट बुजवा. हा कायदा राबवणाऱ्या स्पर्धा आयोगाने अशा तक्रारी तपासताना अख्खा देश नव्हे, तर पुण्यासारखे एकेक शहर बाजार म्हणून धरावे, म्हणजे एका शहरापुरते वर्चस्वही नजरेत येईल. कायद्यात तशी सोय आहे. चौकशी चालू असताना अंतरिम आदेश देण्याचा अधिकारही कलम 33 खाली आयोगाकडे आहे. तो वेळेत वापरला जावा.

किमान भाव मात्र बांधून देऊ नका. त्याने आमच्यातलेच काहीजण सुस्तावतील आणि भुर्दंड काकूंना पडेल.

आपला,
एक किराणा दुकानदार
कोथरूड, पुणे